परवडणारा एडिटिंग डेस्कटॉप : प्रकल्प नोंदी

६ जानेवारी २०२६

ज्यांच्यासाठी हे मशीन जोडायचं त्यांना हवं ते एवढंच : ब्राउझर, कागदपत्रं, हिशेबाच्या शीट आणि व्हिडिओ कॉल विनातक्रार चालावेत आणि त्याच मशीनवर आठवड्याला एकदोन व्हिडिओ एडिट होऊन बाहेर पडावेत. गेमिंग नाही, थ्रीडी नाही. खर्च कमीत कमी, पण मशीन निदान पाच वर्षं टिकावं.

पार्टांची यादी आज मुद्दाम केलेली नाही. आधी फुटेजची यादी. "आय५ घ्यावा की आय७" इथून सुरुवात केली की मशीन दणकट होतं आणि टाइमलाइन (एडिटिंगमध्ये क्लिप मांडायची पट्टी) तरीही अडखळते; असे डेस्कटॉप दुरुस्तीला भरपूर येतात.

प्रत्येक फोल्डरमधल्या तीन-तीन क्लिप मीडियाइन्फोमध्ये उघडल्या आणि सहा गोष्टी उतरवून घेतल्या : कोडेक (व्हिडिओ आवळायची पद्धत : एच.२६४, एचईव्हीसी वगैरे), रिझोल्यूशन, बिट डेप्थ (रंगछटांची बारकाई), क्रोमा सबसॅम्पलिंग (रंगाची किती माहिती राखली ते सांगणारे ४:२:० सारखे आकडे), बिटरेट (सेकंदाला किती डेटा) आणि फ्रेम रेट स्थिर आहे की बदलता.

फोन : ४के, ३० फ्रेम, एचईव्हीसी, ८-बिट ४:२:०, फ्रेम रेट बदलता.
जुना हँडीकॅम : १०८०पी, ६० फ्रेम, एच.२६४, ८-बिट ४:२:०, २८ मेगाबिट.
मिररलेस कॅमेरा : ४के, ६० फ्रेम, एचईव्हीसी, १०-बिट ४:२:२, २०० मेगाबिट.

पहिले दोन कोणतंही बरं मशीन ओढेल. सगळा खर्च ठरणार तो तिसऱ्या ओळीतल्या "४:२:२" या तीन आकड्यांवर.

७ जानेवारी

ते तीन आकडे एवढे महत्त्वाचे का, ते इथे लिहून ठेवतो. पुढचे सगळे निर्णय यावरच उभे आहेत.

एच.२६४ आणि एचईव्हीसीमध्ये प्रत्येक फ्रेम पूर्ण साठवलेली नसते. मधूनमधून एक पूर्ण चित्र असतं आणि त्याच्या आसपासच्या फ्रेममध्ये फक्त काय बदललं एवढंच असतं. फाइल लहान होते ती यामुळेच. नुसता व्हिडिओ बघताना फ्रेम ओळीने उलगडत जातात, त्यामुळे काही जाणवत नाही. एडिटिंगमध्ये मात्र प्लेहेड (टाइमलाइनवरची सरकती खूण) कुठेही टाकला जातो. समजा पूर्ण चित्र पहिल्या फ्रेमला आहे आणि प्लेहेड पन्नासाव्या फ्रेमवर सोडला. ती एक फ्रेम दाखवायला मधल्या बऱ्याचशा फ्रेम उलगडाव्या लागतात. उलट्या दिशेने सरकवलं तर प्रत्येक पावलाला हेच. टाइमलाइनवर तीन क्लिप एकावर एक असतील तर तिप्पट.

हे काम प्रोसेसरच्या सर्वसाधारण कोअरनी केलं तर ते घामाघूम होतात. चिपमधला वेगळा डिकोडर तेच सहज करतो, पण ज्या फॉरमॅटसाठी तो घडवलेला आहे त्याच फॉरमॅटचं. त्याला तो प्रकार येत नसेल तर काम मुकाट्याने कोअरवर येऊन पडतं आणि कुठलाही इशारा मिळत नाही.

कोणाला काय येतं :

इंटेलच्या ८व्या ते १०व्या पिढीतलं यूएचडी ६३० ग्राफिक्स : एचईव्हीसी १०-बिट ४:२:० येतं. ४:२:२ नाही, एव्ही१ (नवा कोडेक) नाही.
इंटेल डेस्कटॉप ११वी पिढी आणि पुढे : एचईव्हीसी १०-बिट ४:२:२ येतं, एव्ही१ उलगडता येतं.
एएमडी रायझन ५ ५६००जी : एचईव्हीसी १०-बिट ४:२:० पर्यंत. एव्ही१ नाही.
एएमडी रायझन ५ ८६००जी : एव्ही१ उलगडणं आणि बनवणं दोन्ही. ४:२:२ नाही.
एनव्हिडिया आरटीएक्स ४० पर्यंतची मालिका : ४:२:२ नाही. आरटीएक्स ५० पासून आलं.

खाचखळगा : वरची इंटेलची सोय एचईव्हीसी ४:२:२ पुरती आहे. एच.२६४ मधलं १०-बिट ४:२:२ यातल्या आरटीएक्स ५० वगळता कोणालाच जमत नाही. काही कॅमेऱ्यांत दोन्ही पर्याय असतात आणि मेनूतली नावं एका अक्षराच्या फरकाची असतात. सोनीमध्ये एक्सएव्हीसी एस म्हणजे एच.२६४ आणि एक्सएव्हीसी एचएस म्हणजे एचईव्हीसी. चुकीचा पर्याय निवडून वर्षभर शूटिंग झालं असेल तर स्वस्त मशीनवर प्रॉक्सीशिवाय (एडिटपुरती बनवलेली हलकी प्रत) सुटका नाही. इथल्या क्लिप एचईव्हीसी आहेत, निभावलं.

९ जानेवारी

उमेदवार पाच होते.

जुनं ऑफिस मशीन, ८व्या पिढीचा आय५-८५००. सगळ्यात स्वस्त. ८वी पिढी ही खालची मर्यादा, कारण विंडोज ११ तिथूनच अधिकृतपणे चालतं आणि विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. ७व्या पिढीचं मशीन निम्म्यात मिळालं तरी घेऊ नये. सहा कोअर आहेत, रोजच्या कामाला आणि १०८०पीला उत्तम. पण पातळ डब्यातल्या मशीनला अर्ध्या उंचीचंच कार्ड बसतं, आणि बहुतेकांचा पॉवर सप्लाय कंपनीच्या स्वतःच्या मापाचा व स्वतःच्या कनेक्टरचा असतो, म्हणजे बदलायचा झाला तर नेहमीचा बसत नाही. घ्यायचंच तर पूर्ण टॉवर घ्यावा. मिररलेसचं फुटेज नसतं तर हाच पर्याय पक्का होता, हे प्रामाणिकपणे नोंदवायला हवं.

रायझन ५ ५६००जी. सहा कोअर, बारा थ्रेड, स्वस्त डीडीआर४ (आधीच्या पिढीच्या रॅमचा) बोर्ड. ४:२:२ मुळे बाद.

रायझन ५ ८६००जी. ग्राफिक्स म्हणून पाचांतल्या इंटेलच्या दोन्हींपेक्षा पुष्कळ पुढे. पण बोर्ड एएम५, रॅम डीडीआर५, म्हणजे खर्च जास्त, आणि तरीही ४:२:२ नाही. बाद.

मॅक मिनी एम४. याला हसून बाजूला सारणारे चुकतात. मूळ मॉडेलमध्येच १६ जीबी मेमरी आहे, एच.२६४, एचईव्हीसी आणि प्रोरेस (ॲपलचा एडिटिंगचा कोडेक) यांच्यासाठी हार्डवेअर आहे, आवाज जवळपास नाही, वीज नगण्य. अडचण दोन ठिकाणी : मेमरी नंतर वाढवता येत नाही, आणि मूळ मॉडेलची २५६ जीबी साठवण ४के कामाला तुटपुंजी, म्हणजे पहिल्याच दिवशी बाहेरची एसएसडी लटकवावी लागते. ज्यांना मशीन उघडायचंच नाही त्यांनी खुशाल घ्यावा. इथे रोजच्या कामातलं एक सॉफ्टवेअर फक्त विंडोजवर चालतं, त्यामुळे बाद.

इंटेल कोअर आय५, १२वी पिढी. राहिला हाच. १२४०० आणि १२५०० यांत प्रश्न होता. दोन्ही सहा कोअर, बारा थ्रेड. वेगातला फरक जाणवणार नाही एवढा. पण १२४०० मध्ये यूएचडी ७३० आहे, त्यात व्हिडिओचं एकच इंजिन. १२५०० मध्ये यूएचडी ७७०, त्यात दोन. टाइमलाइनवर दोन क्लिप एकदम चालतात तेव्हा हे दुसरं इंजिन कामाला येतं. खोक्यावर ही गोष्ट कुठेच लिहिलेली नसते. निवड : १२५००.

नावाच्या शेवटी "एफ" असलेला प्रोसेसर थोडा स्वस्त पडतो म्हणून मोह होतो. एफ म्हणजे आतलं ग्राफिक्स बंद, म्हणजे क्विक सिंकही (इंटेलचं व्हिडिओ उलगडणारं-बनवणारं हार्डवेअर) गेलं. या कामासाठी ती बचत नाही, नुकसान आहे.

१२ जानेवारी

ग्राफिक्स कार्ड घ्यावं की नाही?

कट, जोड, टायटल, साधा रंग आणि आवाज एवढंच काम असेल तर यूएचडी ७७० पुरतं. कार्ड लागतं ते नॉइज रिडक्शन, एकावर एक रचलेले रंगाचे नोड (रंगसुधारणेचे टप्पे), जड इफेक्ट आणि एआयची साधनं यांना. डाविंची रिझॉल्व्ह (एडिटिंग सॉफ्टवेअर) तर बहुतेक ओझं कार्डावरच टाकतो. सध्याच्या कामात यातलं काही रोज नाही. म्हणून कार्ड आता नाही, पण पुढे बसेल अशी जागा आणि वीज राखून.

नंतर घ्यायचं झालं तर काय टाळायचं ते आजच लिहून ठेवलेलं बरं. जीटी १०३० मध्ये एन्कोडरच (व्हिडिओ बनवणारा भाग) नाही. रेडिऑन आरएक्स ६४०० आणि ६५०० एक्सटी या दोन्हींतही एन्कोडर नाही, एव्ही१ उलगडणंही नाही. ती चित्र दाखवतील, एक्सपोर्टला हात लावणार नाहीत. यूएचडी ७७० या बाबतीत त्यांच्या पुढे आहे. असं कार्ड लावलं आणि सॉफ्टवेअरने त्याच्याकडेच पाहायला सुरुवात केली तर पैसे देऊन मागे जाणं होतं.

वेगळी वीजजोडणी न लागणाऱ्यांत आरटीएक्स ३०५० ची ६ जीबी आवृत्ती, ७० वॅट. इंटेल आर्क ए३८० मध्ये एव्ही१ एन्कोडर आणि एचईव्हीसी ४:२:२ डिकोडर दोन्ही आहेत, ७५ वॅट, पण बायोसमध्ये (बोर्डाच्या मूळ सेटिंगमध्ये) रिसाइजेबल बार, म्हणजे प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सोय, चालू नसेल तर ते मार खातं. जुन्या ऑफिस मशीनमध्ये आर्क टाकायची कल्पना त्यामुळेच फसते. बऱ्याच जुन्या बायोसमध्ये ती सोयच नसते.

१३ जानेवारी

रॅम. एक हिशेब पुरेसा आहे. ४के म्हणजे ३८४० गुणिले २१६०, साधारण ८३ लाख पिक्सेल. इफेक्ट लावताना सॉफ्टवेअर प्रत्येक पिक्सेलचे चार भाग ३२-बिटमध्ये धरत असेल तर पिक्सेलला १६ बाइट, म्हणजे एका फ्रेमला सुमारे १३३ एमबी. अशा ३० फ्रेम हाताशी ठेवल्या की ४ जीबी गेले. फक्त एका सेकंदाला.

त्यात आतल्या ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते, ते याच रॅममधून घेतं. म्हणून १६ नको, ३२. अडोबीसुद्धा प्रीमिअर प्रो या आपल्या एडिटरला एचडीसाठी १६ आणि ४केसाठी ३२ जीबी सुचवते.

१६ च्या दोन पट्ट्या, डीडीआर४-३२००. एकच ३२ ची पट्टी नको : एका चॅनेलला सेकंदाला २५.६ जीबी वाट मिळते, दोनांना ५१.२, आणि आतल्या ग्राफिक्सचा जीव याच वाटेवर आहे. एक पट्टी लावून "नंतर दुसरी टाकू" म्हणणाऱ्यांची नंतर कधी येत नाही, आली तर जोड जुळत नाही.

१५ जानेवारी

साठवण. २०० मेगाबिट म्हणजे सेकंदाला २५ एमबी, तासाला ९० जीबी. तीन क्लिप एकदम चालल्या तरी ७५ एमबी. हार्ड डिस्क ओळीने वाचताना १५० च्या वर जाते, मग पुरायला हवी, असं कागदावर वाटतं. पुरत नाही. तीन फाइल म्हणजे डिस्कवरच्या तीन जागा, आणि सुई त्या तिघींमध्ये सतत पळते. वेग वाचण्यात न जाता पळण्यात जातो. वर सॉफ्टवेअर कॅश आणि आवाजाच्या लहरींच्या फाइली लिहीत असतंच. त्यामुळे चालू प्रकल्प एसएसडीवर, संपलेला हार्ड डिस्कवर.

दुसऱ्या टोकाची चूकही होते. साटा (जुन्या जोडणीची) एसएसडी सेकंदाला साधारण ५५० एमबी देते, पीसीआयई ३.० एनव्हीएमई (नव्या, वेगवान जोडणीची) ३५००, ४.० सात हजाराच्या आसपास. आपल्याला लागतात ७५. ७००० वाल्या एसएसडीने टाइमलाइन सुधारत नाही, तेवढ्या पैशात जागा दुप्पट घ्यावी.

आकडा बघायचा तो दुसराच : टीएलसी की क्यूएलसी, म्हणजे एका पेशीत तीन बिट साठवणारी की चार. क्यूएलसी ड्राइव्ह आधी आपल्या एसएलसी कॅशमध्ये (वेगवान राखीव भागात) झपाट्याने लिहिते. ती भरली की वेग हार्ड डिस्कच्या पातळीवर, कधी त्याखाली येतो. ड्राइव्ह जितकी भरलेली तितकी ती कॅश लहान. मेमरी कार्डावरून ९० जीबी उतरवताना मध्येच सगळं रेंगाळतं ते यामुळे.

ठरलं : १ टीबी टीएलसी एनव्हीएमई, पीसीआयई ३.० असली तरी हरकत नाही. सोबत ४ टीबी हार्ड डिस्क, सीएमआर प्रकारची, म्हणजे ट्रॅक सुटे असलेली. एसएमआर नको, त्यात ट्रॅक कौलांसारखे एकमेकांवर चढवलेले असतात, जुन्या जागी नवीन लिहायचं तर शेजारचेही पुन्हा लिहावे लागतात आणि मोठ्या कॉपीत डिस्क मिनिटभर ठप्प होते.

१६ जानेवारी

मदरबोर्ड : बी७६०, मायक्रो एटीएक्स, डीडीआर४ चा. एच६१० स्वस्त पडतो, पण त्यात रॅमचे दोनच स्लॉट, बहुतेकांत एम.२ (चपट्या एसएसडीची खाच) एकच, आणि प्रोसेसरभोवतीच्या वीजपुरवठ्याच्या भागावर हीटसिंक क्वचितच. अर्ध्या तासाच्या एक्सपोर्टमध्ये तो भाग तापतो आणि बोर्ड प्रोसेसरचा वेग उतरवतो. रोजच्या कामापुरता एच६१० पुरेसा आहे, हेही तितकंच खरं. एकाच नावाचा बोर्ड डीडीआर४ आणि डीडीआर५ अशा दोन रूपांत येतो. खाच वेगळी असते, चुकीची रॅम बसतच नाही. बिल करण्याआधी शेवटची अक्षरं वाचावीत.

एसएमपीएस (पॉवर सप्लाय) : प्रोसेसर जास्तीत जास्त ११७ वॅट, बोर्ड-रॅम-डिस्क-पंखे मिळून ५० धरू. १७० च्या आत. उद्या १३० वॅटचं कार्ड आलं तरी ३००. ४५० वॅट ८० प्लस ब्राँझ (वीज कमी वाया घालवण्याचा दर्जा) पुरला असता. ५५० घेतला तो वॅटसाठी नाही, कार्डाची ६+२ पिनची केबल आणि साटाची पुरेशी टोकं त्यात मिळाली म्हणून. कॅबिनेटसोबत फुकट येणारा एसएमपीएस वापरायचा नाही, यावर चर्चा नाही.

कॅबिनेट : पुढची बाजू जाळीची, १२० मिमीचा एक पंखा आत घेणारा, एक बाहेर टाकणारा. काचेची बंद पुढची बाजू सुंदर दिसते आणि आत भट्टी करते.

मॉनिटर : २४ इंची, १०८०पी, आयपीएस (बाजूने पाहिलं तरी रंग टिकवणारं पॅनेल), एसआरजीबी (वेबवरचा प्रमाण रंगसंच) पूर्ण झाकणारा. ४के एडिट करायला ४के मॉनिटर लागत नाही. टीएन पॅनेलवर मान हलली की रंग बदलतात, मग रंग कशाच्या भरवशावर लावायचा?

२१ जानेवारी

जोडणी. बोर्ड त्याच्याच खोक्यावर ठेवून प्रोसेसर, कूलर, रॅम आणि एम.२ आधी बसवलं, मग कॅबिनेटमध्ये.

सॉकेटवरची काळी प्लॅस्टिकची टोपी आधी काढायची नाही. प्रोसेसर ठेवून लिव्हर दाबला की ती आपोआप उडते. आधी काढली तर उघड्या पिनांवर बोट जायचा धोका. एका पिनेला धक्का लागला तर बोर्ड गेला.

सोबत आलेल्या कूलरच्या तळाला उष्णता वाहून नेणारी पेस्ट लावलेलीच असते, वरून आणखी थापू नये. त्याचे चार पाय समोरासमोरच्या जोडीने दाबले. एम.२ च्या हीटसिंकखालच्या पट्टीवर पारदर्शक कागद असतो, तो न काढता बसवला तर उष्णता पलीकडे जातच नाही. हा सगळ्यात जास्त होणारा विसर.

प्रोसेसरची ८ पिनची केबल ४+४ अशी दुभंगते, कार्डाची ६+२ अशी. दोन्ही ८ पिनच्या असल्या तरी एकीच्या जागी दुसरी लावायची नाही. बोर्ड कॅबिनेटमध्ये गेल्यावर वरच्या कोपऱ्यात हात जात नाही, म्हणून ती केबल आधीच मागून ओढून ठेवावी. कॅबिनेटच्या पत्र्यावरचे पितळी स्टँडऑफ (बोर्ड टेकतो ते खुंट) बोर्डाच्या भोकांशी जुळतात ना, जास्तीचा एखादा बोर्डाखाली येत नाही ना, हे पाहिलं.

पहिल्यांदा चालू. रॅमचा लाल दिवा लागून राहिला. एक पट्टी एका टोकाला अर्धी बसली होती. काढून दाबली, "टक्" आवाज आला, स्क्रीन आली.

२२ जानेवारी

विंडोज ११ चा इन्स्टॉलर सुरू झाला आणि ड्राइव्हची यादी कोरी. एसएसडी बिघडलेली नाही. बायोसमध्ये व्हीएमडी (इंटेलची अनेक ड्राइव्ह एकत्र सांभाळणारी सोय) चालू असेल तर इन्स्टॉलरला ती दिसत नाही. एकच ड्राइव्ह असेल तर व्हीएमडीचा उपयोग शून्य, बंद केलं. विंडोज बसल्यावर ही सेटिंग बदलली तर मशीन सुरू होणार नाही, त्यामुळे हे आत्ताच करायचं.

पुढच्या पडद्यावर नेटवर्क सापडेना. बोर्डाच्या लॅन चिपचा ड्रायव्हर इन्स्टॉलरमध्ये नव्हता. तो पेन ड्राइव्हवर आधीच घेतला होता, दोन मिनिटांत काम झालं. नंतर क्रम : चिपसेट, इंटेल ग्राफिक्स, आवाज. ग्राफिक्सचा ड्रायव्हर इंटेलचा ताजा. विंडोज अपडेटने आणलेला बहुधा जुना असतो.

रॅम पाहिली तर २६६६ वर चालत होती. बायोसमध्ये एक्सएमपी (रॅमच्या ठरलेल्या वेगाची तयार सेटिंग) लावून ३२०० केली. सीपीयू-झेडमध्ये चॅनेलपुढे "सिंगल" दिसलं. पट्ट्या शेजारच्या दोन स्लॉटमध्ये गेल्या होत्या, म्हणजे एकाच चॅनेलवर. प्रोसेसरपासून मोजून दुसरा आणि चौथा, अशा हलवल्या. "ड्युअल" आलं. या दोन गोष्टी पाहिल्याशिवाय दिलेली मशीनं वर्षानुवर्षं निम्म्या वाटेवर चालतात आणि कोणाला पत्ता नसतो.

रात्री मेमटेस्ट लावून ठेवली. एकही चूक चालत नाही. एडिटिंगमध्ये रॅमची एक चूक म्हणजे तासाभराच्या एक्सपोर्टच्या शेवटी बंद पडलेलं सॉफ्टवेअर.

२४ जानेवारी

मेमटेस्ट स्वच्छ. हँडब्रेक या व्हिडिओ रूपांतराच्या सॉफ्टवेअरमध्ये ४केचा लांब एन्कोड मुद्दाम कोअरवर चालवला, शेजारी एचडब्ल्यूइन्फो उघडं. काही सेकंदांत तापमान १०० अंशांवर आणि वेग खाली. १०० ही या प्रोसेसरची कमाल मर्यादा आहे, तो तिथे स्वतःला आवरतो.

पंखा फिरत होता. पेस्ट होती. कॅबिनेटची मागची झडप उघडून बोर्डाच्या पाठीवर टॉर्च मारला. तीन पायांच्या टोकाला पांढरं प्लॅस्टिक दुभंगून मध्ये काळी खिळी नीट वर आलेली. चौथ्यात पांढऱ्या पाकळ्या मिटलेल्याच, काळी खिळी दिसतच नव्हती. वरून मात्र चारही पाय सारखेच दाबलेले दिसत होते. म्हणजे कूलर एका कोपऱ्यातून केसभर उचललेला, आणि तेवढं पुरतं.

बोर्ड बाहेर काढला, जुनी पेस्ट आयसोप्रोपिलने पुसली, तांदळाच्या दोन दाण्यांएवढी नवी लावली, पाय पुन्हा बसवले. या वेळी पाठीमागून पाहत. कूलर एकदा उचलला की जुनी पेस्ट पुन्हा चालत नाही, मधे हवा राहते.

बायोसमधली वीजमर्यादाही बोर्डाने स्वतःहून मोकळी सोडलेली होती. दीर्घ मर्यादा ६५ वॅट, अल्पकाळची ११७ अशी इंटेलच्या आकड्यांवर आणली. तोच एन्कोड पुन्हा : तापमान सत्तरीच्या घरात स्थिर.

२७ जानेवारी

मिररलेसच्या क्लिप प्रीमिअर प्रोमध्ये. टास्क मॅनेजर उघडून ग्राफिक्सच्या पानावरचा "व्हिडिओ डिकोड" आलेख डोळ्यांसमोर ठेवला.

पहिल्या फेरीत तो आलेख जमिनीला चिकटलेला, प्रोसेसर मात्र जवळजवळ पूर्ण भरलेला. प्लेहेड ओढला की चित्र मागून, उड्या मारत यायचं. प्राधान्यांमधल्या मीडिया विभागात हार्डवेअर डिकोडिंगची खूण नव्हती. ती केली, इंटेल निवडलं, सॉफ्टवेअर बंद करून पुन्हा उघडलं. आता ओढताच डिकोडचा आलेख वर उठतो, प्रोसेसर निवांत, चित्र बोटासोबत सरकतं. तेच मशीन, तीच क्लिप.

कोणतंही एडिटर वापरा, निकाल याच आलेखावर लावायचा. आलेख हलत नसेल तर त्या सॉफ्टवेअरला डिकोडर दिसत नाही किंवा ते तो वापरत नाही. मग प्रॉक्सी. डाविंची रिझॉल्व्हची विनामूल्य आवृत्ती घेणाऱ्यांनी लक्षात ठेवायचं ते हे : तिचा एक्सपोर्ट अल्ट्रा एचडी आणि ६० फ्रेमपर्यंत मर्यादित आहे, आणि लिनक्सवर ती एच.२६४, एचईव्हीसी घेतच नाही.

दोन ४:२:२ क्लिप एकावर एक : चालल्या. तीन आणि वर रंगाचा थर : अडखळलं. तिथे प्रॉक्सी केल्या, १०८०पी प्रोरेस ४२२ प्रॉक्सी. ३० फ्रेमला सेकंदाला साधारण ४५ मेगाबिट, म्हणजे तासाला २० जीबी. ६० फ्रेमला दुप्पट. प्रोरेसमध्ये प्रत्येक फ्रेम स्वतंत्र असते, म्हणून फाइल फुगते आणि प्लेहेड हलका होतो. जागेचा हिशेब करताना प्रॉक्सीची जागा आधीच धरावी, ती नेहमी विसरली जाते.

३० जानेवारी

तक्रार आली : फोनच्या क्लिपमध्ये ओठ आणि आवाज शेवटाकडे जुळत नाहीत. सुरुवातीला बरोबर, दहाव्या मिनिटाला उघड मागेपुढे.

मशीनचा संबंध नाही. फोन उजेडाप्रमाणे फ्रेम रेट कमीजास्त करतो. एडिटर स्थिर रेट धरून चालला की फरक साचत जातो. हँडब्रेकमध्ये फ्रेम रेट ३०, प्रकार "कॉन्स्टंट", गुणवत्ता १८ च्या आसपास ठेवून क्लिप बदलून घेतल्या. आवाज जुळला. यापुढे फोनच्या क्लिप प्रकल्पात घेण्याआधी हे करायचं. फोनवरचं एचडीआर (उजेड-अंधाराचा जास्त पल्ला टिपणारं) चित्रीकरणही बंद करायला सांगितलं. तसं फुटेज साध्या टाइमलाइनवर फिकट किंवा भडक उतरतं आणि दोष मॉनिटरवर जातो.

एक्सपोर्ट : यूट्यूबसाठी ४के ३० फ्रेमला ३५ ते ४५ मेगाबिट, १०८०पी ३० ला ८. क्विक सिंकने एक्सपोर्ट कितीतरी लवकर होतं. त्याच बिटरेटला कोअरवरचा संथ एन्कोड किंचित स्वच्छ येतो. फरक दिसतो तो पाणी, पानं, धूर अशा जागी. वरचे बिटरेट ठेवले तर क्विक सिंकच वापरावं.

३ फेब्रुवारी

एसएसडीवर २५० जीबी जागा उरली आहे, ती तशीच ठेवायची. मीडिया कॅशला ५० जीबीची मर्यादा आणि ९० दिवसांपेक्षा जुनं आपोआप पुसणं, हे लावलं. संपलेला प्रकल्प हार्ड डिस्कवर, प्रॉक्सी पुसून. त्या पुन्हा बनतात. मूळ फुटेजची दुसरी प्रत बाहेरच्या डिस्कवर. कॅबिनेटमधली हार्ड डिस्क म्हणजे बॅकअप नव्हे, एसएमपीएस गेला तर दोन्ही एकदम जाऊ शकतात.

७ फेब्रुवारी

मशीन दिलं. बाकी राहिलेलं : दोन महिन्यांनी जाळीची धूळ, सहा महिन्यांनी क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये दोन्ही ड्राइव्हची तब्येत.

बाजूच्या झाकणाच्या आतून एक कागद चिकटवला आहे. त्यावर चार ओळी : रॅम दुसऱ्या-चौथ्या स्लॉटमध्ये; व्हीएमडी बंद, हात लावू नका; वीजमर्यादा ६५ आणि ११७; दुसऱ्या एम.२ मध्ये साटा प्रकारची एसएसडी टाकली तर बोर्डावरचा एक साटा पोर्ट बंद होतो, आणि हार्ड डिस्क सध्या त्याच पोर्टवर आहे.